माझी परीक्षा आणि साहेबरावांची झोप

मी आयुष्यात कधी बस चुकवली नाही. जानोरीहून नाशिकला कॉलेजात जायचे तेव्हा बाकीच्या पोरी अर्धा तास आधी फाट्यावर जाऊन उभ्या राहायच्या आणि मी शेवटच्या क्षणी धापा टाकत पोचायचे, तरी बस मला मिळायचीच. माझं नशीबच तसं, असं मी आजही सुनांना-भाच्यांना ऐकवते. परीक्षेच्या बाबतीत मात्र या नशिबानं हात टेकले. दोनदा नापास झाले, तेही पन्नाशी ओलांडल्यावर.

परीक्षा वाइन आणि स्पिरिट्सची. स्पिरिट्स म्हणजे व्हिस्की, रम, ब्रँडी ही सगळी कडक मंडळी. परदेशातल्या एका संस्थेची ही परीक्षा, आणि ती पास झाल्याशिवाय या धंद्यात कोणी मोठ्या खुर्चीत बसवत नाही. मी गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीत कामाला आहे. आलेल्या पाहुण्यांना द्राक्षबाग दाखवायची, लाकडी पिंपं दाखवायची, ग्लास कसा धरायचा ते शिकवायचं, हे माझं काम. टेस्टिंग रूमच्या प्रमुख बाई निवृत्त व्हायच्या होत्या. मालकीणबाईंनी मला बोलावून सांगितलं, "हर्षदाताई, या खेपेला पास झालात तर ती खुर्ची तुमची. नाही झालात तर मला बाहेरून माणूस आणावा लागेल. मग वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घेऊ नका म्हणे! इतकी वर्षं त्या खोलीच्या दारात उभी राहून मी लोकांना आत सोडत होते. मला आत बसायचं होतं.

माझं अडायचं एकाच ठिकाणी. परीक्षेत नावं झाकून ग्लास समोर ठेवतात. वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि लिहायचं. वर्णन मी असं फर्डं लिहायचे की बास! आंबटपणा किती, कोणत्या फळाचा वास, पिंपात ठेवलीय की नाही, सगळं बिनचूक. शेवटी नाव लिहायची वेळ आली की डोकं कोरं. मग घाबरून काहीतरी ठोकून द्यायचे आणि हटकून चुकायचे.

आता आमचे साहेबराव. हे त्यांचं पाळण्यातलं नाव आहे, मी मान देऊन म्हणत नाहीये. एसटीत कंडक्टर होते. नाशिक जिल्ह्यातला एक रस्ता त्यांनी सोडला नसेल. पुढे गाड्या विजेच्या झाल्या, तिकीट मोबाइलवर आलं, थांब्याचं नाव गाडी स्वतःच गोड आवाजात सांगायला लागली, तेव्हा कंडक्टरांना घरी बसवलं. त्या आवाजाला साहेबराव "ती बया" म्हणतात. बसमध्ये बसलो की तिच्या आधी हळूच थांब्याचं नाव घेतात आणि माझ्याकडे बघतात. गळ्यात तुळशीची माळ, दारूचा थेंब कधी शिवले नाहीत. पण मी वायनरीत लागले तेव्हा सासरच्यांनी नाकं मुरडली, तर "ती इमानानं कमावते, कोणाला काय त्रास?" असं म्हणून सगळ्यांची तोंडं यांनीच बंद केली होती. फक्त मला चिडवायचं सोडत नाहीत. "एवढं महागाचं घ्यायचं आणि थुंकायचं? मग मी न पिताच शहाणा की गं."

तर दुसऱ्यांदा नापास झाल्यावर आमच्या क्लासचे डाबरे सर म्हणाले, "ताई, 'उजळणी' लावून बघा."

उजळणी हे पुण्याच्या एका कंपनीनं काढलेलं यंत्र. उशाशी ठेवायचं, पितळी डब्याएवढं. ते बसवायला मृण्मयी नावाची एक चुणचुणीत इंजिनिअर मुलगी आली. मी तिला चहा दिला आणि म्हटलं, मला समजेल असं सांग.

"काकू, आपण बघतो, ऐकतो ते सगळं आधी मेंदूतल्या एका चौकीवर थांबतं," ती म्हणाली. "झोपेत ती चौकी जवळजवळ बंद असते. वासाला मात्र चौकीच नाही. तो नाकातून थेट आठवणींच्या भागात शिरतो आणि माणूस जागाही होत नाही. गाढ झोपेत मेंदू दिवसभर शिकलेलं पुन्हा चालवून बघतो. जे पुन्हा चालतं ते पक्कं बसतं. आता शिकताना घेतलेला वास त्या वेळी परत दिला, तर मेंदू नेमका तोच धडा काढून बसतो."

कपाळावर बांधायची एक पट्टी होती. गाढ झोपेच्या संथ लहरी आल्या की ती यंत्राला कळवणार. मग यंत्रातला छोटा पंखा एका कुपीतला वास सोडणार आणि उशीतून त्या वाइनचं नाव अगदी हळू आवाजात येणार. आठवण उघडी पडलेली असते, तेव्हा तेवढा आवाजही आत झिरपतो आणि वासाला चिकटून बसतो.

साहेबरावांनी दारातून विचारलं, "खोलीत दारूचा वास सुटणार. माझ्या माळेचं काय?"

"काका, कुपीत दारू नाही. नुसते वासाचे रेणू आहेत."

"मग चालेल. वासानं माळ तुटत नाही."

जाताना मृण्मयीनं बजावलं, "काकू, खोलीत एकटीनंच झोपायचं हं." मी मान डोलावली आणि सोडून दिलं. कारण आमच्या इमारतीत नवरा-बायकोनं वेगळं झोपणं म्हणजे काय असतं ते तिला काय माहीत! मागे एकदा पाठ धरली म्हणून साहेबराव हॉलमध्ये जमिनीवर झोपले होते, तर सकाळी समोरच्या लोखंडेवहिनी दुधाचं पातेलं घेऊन "सगळं ठीक आहे ना?" विचारायला हजर. दुपारपर्यंत जानोरीहून माझ्या आईचा फोन. नकोच ती कटकट. शिवाय वास यांच्याही नाकात गेला तर काय बिघडलं? यांना कुठे परीक्षा द्यायची होती?

काही आठवड्यांनी क्लासमध्ये सराव परीक्षा झाली. डाबरे सरांनी पहिला ग्लास माझ्याकडे सरकवला. मी नाक खाली नेलं. धूर, औषध, आयोडीन. सरांनी विचारलं, "बोला हर्षदाताई, कोणती?"

आणि मी सगळ्या वर्गासमोर, खणखणीत आवाजात ओरडले, "सिव्हिल हॉस्पिटल! म्हातारीला आधी उतरू द्या!"

वर्ग असा हसला की एकाच्या हातातला ग्लास सांडला. मला वाटलं, चक्कर वगैरे आली की काय. दुसरा ग्लास ओढला. रीसलिंग होती, नंतर कळलं. या पांढऱ्या वाइनला जुनी झाली की रॉकेलसारखा एक वास येतो. तो नाकात गेला मात्र, डोक्यात आवाज घुमला, "डेपो! गाडी पुढे जाणार नाही, सगळ्यांनी उतरून घ्या!"

तो आवाज मी इतकी वर्षं ऐकत आले होते. भर वर्गात साहेबराव माझ्या नाकात येऊन बसले होते.

घरी आले तेव्हा हे महाशय गवार मोडत बसलेले. मी पर्स आदळली. "तुम्ही झोपेत बोलता?"

"मी? छ्या! मी झोपलो की ओंडका."

"ओंडका म्हणे! सिव्हिलला म्हाताऱ्या उतरवतो का ओंडका?"

मृण्मयीला बोलावलं. तिनं सगळं ऐकलं, हसू दाबलं आणि मग गंभीर झाली. उशीतला आवाज हळू, यांचा मोठा. मेंदूनं मोठा तो उचलला. आता वासाला वाइनचं नाव चिकटायच्या ऐवजी कंडक्टर चिकटला होता. "आजपासून काका बाहेर झोपले तर हळूहळू धुऊन निघेल, काकू. पण परीक्षा तोंडावर आलीय. होईल की नाही, सांगता येत नाही."

मी रडकुंडीला आले होते. साहेबराव उठून आत गेले, स्वतःची गादी गुंडाळली आणि हॉलमध्ये आणून टाकली.

"गाडीतून माझा आवाज काढलाच होता," ते म्हणाले, "आता तुझ्या परीक्षेतूनही काढू. चालतंय." आणि हसले. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही. चिडले होते मी यांच्यावर, पण इतकीही नाही.

पुढच्या आठवड्यात वेगळीच तऱ्हा. उजळणीवर रोज सकाळी लाल दिवा. गाढ झोपच लागत नव्हती मला. शेजारी कोणी घोरत नाही, कोणी पांघरूण ओढत नाही, मी आपली टक्क. लहर नाही तर वास नाही, वास नाही तर अभ्यास नाही. वर लोखंडेवहिनी पातेलं घेऊन येऊन गेल्या, ते वेगळंच.

रविवारी दुपारी मटकीची उसळ आणि भाकरी चेपून साहेबराव हॉलमध्ये लवंडले. पाच मिनिटांत घोरायला लागले. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते, आणि मला एकदम चेव आला. ओंडका काय! थांबा, आज रंगेहाथ पकडते. यंत्रातल्या कुप्या काढल्या, यांच्या डोक्याशी मांडी घालून बसले आणि रमची कुपी उघडून नाकाखाली धरली.

घोरणं थांबलं. नाकपुड्या हलल्या. मग साहेबराव स्वच्छ आवाजात म्हणाले, "कारखाना! ऊसवाले, मोळ्या मधे ठेवू नका, लोकांना जाऊ द्या!"

मी तोंडाला पदर लावून हसले. दुसरी कुपी, पिनो न्वार या तांबड्या वाइनची. "इगतपुरी! काचा लावा, काचा लावा!" गेवुर्त्सट्रामिनर म्हणून एक वाइन आहे, जिचं नाव घेता घेता जीभ दमते. तिची कुपी धरली तर म्हणाले, "वणी! गडावर जाणारे इथं उतरा. फुलांची पाटी कोणाची?" मी हसत हसत पुन्हा रमची कुपी धरली. पुन्हा कारखाना. अगदी तेच शब्द, त्याच मोळ्या.

आणि मग माझं हसू थांबलं. अरे, हे बरळत नव्हतेच!

रममध्ये मळीचा वास. साखर कारखान्याच्या थांब्यावर तोच वास भरलेला असतो. पिनोला ओल्या मातीचा, कुजक्या पानांचा वास, म्हणून इगतपुरी. गेवुर्त्सला गुलाबाचा, म्हणून गडावरच्या फुलांची पाटी. रीसलिंगच्या रॉकेलसारख्या वासाला डेपो, व्हिस्कीच्या औषधी धुराला सिव्हिल. यांच्या नाकानं सगळा जिल्हा पाठ केला होता, आणि वासाला चौकी नसल्यामुळे तो सगळा आत जसाच्या तसा पडून होता. कुपी तीच, तर थांबा तोच. म्हणजे माझ्या डोक्यात गोंधळ झालाच नव्हता. माझ्या डोक्यात एक अख्खं वेळापत्रक बसलं होतं. मला फक्त कोणत्या थांब्यावर कोणती वाइन उतरते, एवढं पाठ करायचं होतं. आणि ते जागेपणी करता येत होतं.

एकाच कुपीनं दगा दिला. शेनिन ब्लां. आमच्या नाशिकला भरपूर होते ही वाइन, मध आणि सुकल्या फुलांच्या वासाची. ती नाकाखाली धरली तर थांब्याचं नावच नाही. चेहरा एकदम सैल झाला, ओठांवर बारीकसं हसू आलं, "थांब, थांब..." एवढंच पुटपुटले आणि कुशीवर वळले. दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळेला तेच. म्हटलं, जाऊ दे, परीक्षेत ही नाही आली म्हणजे झालं.

मी गादीचं टोक धरून ओढलं तेव्हा हे दचकून उठले. "काय झालं?"

"आत चला झोपायला."

"आणि तुझा अभ्यास?"

"माझा अभ्यास तुम्हीच आहात. उठा."

यांना काही कळलं नाही. पण गादी अशी चटकन उचलली की मलाच हसू आलं.

परीक्षा नाशिकमध्येच एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. पांढरे टेबलक्लॉथ, प्रत्येकासमोर थुंकायचं भांडं आणि सहा ग्लास. पर्यवेक्षक बाई दिल्लीहून आलेल्या, चेहऱ्यावर माशी हलायची नाही. मी पहिला ग्लास नाकाशी नेला आणि मनात म्हटलं, चला साहेबराव.

डेपो. रीसलिंग लिहून टाकलं. कारखाना, म्हणजे रम. इगतपुरी. सिव्हिल. वणी. एकामागून एक थांबे येत गेले आणि मी उतरवत गेले. डोकं कोरं पडत नव्हतं. एकदा तर "काचा लावा" ऐकून मला खुदकन हसू आलं आणि पर्यवेक्षक बाईंनी डोळे वटारले.

मग सहावा ग्लास. मध. पिकलेलं पेअर. सुकी फुलं. वर्णन झरझर लिहिलं आणि नावापाशी पेन थांबलं. दोन-तीन वाइन अशा लागतात, नेमकी कोणती? डोक्यात आवाज नाही. शांतता. पुन्हा तेच, पुन्हा कोरं. बाईंनी वेळ संपत आल्याचं सांगितलं. ती खुर्ची, ते दार, बाहेरून येणारं कोणीतरी, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी डोळे मिटले आणि ग्लासात नाक खुपसून पुन्हा एकदा खोल श्वास घेतला.

आवाज आला. पण हा ओरडण्याचा नव्हता. गाडीतल्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून खाली वाकून, ड्रायव्हरच्या कानाशी बोलावं तसा होता.

"थांब रे कचरू, सोडू नको गाडी. बकुळवाली येतेय."

मी तशीच बसून राहिले. कचरूभाऊ आमच्या जानोरीच्या गाडीचे ड्रायव्हर होते आणि कंडक्टर हेच, पण तेव्हा तिकिटापलीकडे मी यांच्याकडे कधी बघितलंच नव्हतं. आणि शाळेच्या आवारात एक बकुळीचं झाड होतं, त्याखालची फुलं वेचून गजरा ओवल्याशिवाय मी घरातून निघायचे नाही, म्हणून रोज उशीर. बकुळीची फुलं सुकली तरी मधासारखी दरवळतात. वायनरीत लागल्यापासून गजरा बंद झाला, कारण टेस्टिंगला येणाऱ्यांच्या नाकात दुसरा वास जायला नको, तिथे अत्तर-फुलं चालतच नाहीत. मी स्वतःच विसरून गेले होते तो वास. आणि हा माणूस रोज रात्री माझ्या शेजारी झोपून, कुपी उघडली की माझ्यासाठी गाडी थांबवून धरत होता.

माझे डोळे भरले. डोळे भरले की नाक चोंदतं, आणि परीक्षेत नाक चोंदणं म्हणजे सत्यानाश. पण आता वासाची गरजच नव्हती. मी शेनिन ब्लां लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

घरी पोचले तर हे दारातच उभे. "काय, जमलं का?"

"ते नंतर. आधी हे सांगा, आपलं लग्न कसं ठरलं?"

"हे काय मधेच? मावशीनं स्थळ आणलं. मी तर फोटोही धड बघितला नव्हता."

"तुमची मावशी पिंपळगावची. तिचं जानोरीत कोण होतं हो? तिला आमचा पत्ता दिला कोणी?"

साहेबरावांनी आधी पंख्याकडे बघितलं, मग चपलांकडे. कान लाल झाले. तिशी उलटली लग्नाला, पण या माणसाला असं लाजताना मी पहिल्यांदा बघत होते.

"कचरूनं सांगितलं का तुला?"

"कचरूभाऊ कशाला सांगतील? तुम्हीच सांगितलंत."

"मी? कधी?"

"झोपेत. ओंडका झाला होतात तेव्हा."

ते खाली बसले. म्हणाले, "लोक फार कावायचे गं. शेवटी कचरूला सांगून ठेवलं होतं, विचारलं तर इंजिन तापलंय म्हणायचं." मग मान वर करून म्हणाले, "आणि तू आपली सांगत फिरतेस, मी कधी बस चुकवली नाही म्हणून. म्हटलं, सांगू दे. चांगलं वाटतं तिला."

माझं आयुष्यभराचं नशीब समोर पाटावर बसलं होतं आणि चहा मागत होतं. मी चहा टाकला, साखर जास्तच पडली.

निकाल लागला. पास झाले, सहाच्या सहा बरोबर. टेस्टिंग रूममधल्या त्या खुर्चीत आता मी बसते. डाबरे सरांनी विचारलं, एवढी सुधारणा कशी झाली, तर मी म्हटलं, एसटीनं आले. उजळणी मृण्मयी परत घेऊन गेली. जाताना म्हणाली, "काकू, आता काकांना निवांत बरळू द्या."

परवाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी जानोरीला गेले. शाळा नवी झालीय, झाड तेच आहे. ओंजळभर फुलं वेचली, घरी येऊन गजरा ओवला आणि पांढऱ्या होत चाललेल्या अंबाड्यात माळला. दुपारी साहेबराव जेवून हॉलमध्ये लवंडले होते, घोरत होते. मी जाऊन उशाशी बसले. हातात कुपी नव्हती, काही नव्हतं. नुसती बसले.

घोरणं थांबलं. नाकपुड्या हलल्या. चेहरा सैल झाला आणि डोळे न उघडताच साहेबराव म्हणाले,

"आली रे, कचरू. चल. डबल बेल."

आणि पुन्हा घोरायला लागले.